चित्रपुस्तकातील कविता मुलांना कशी वाचून दाखवावी?

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. कवितेचे चित्रपुस्तक वाचताना ती प्रत्येक चित्रापाशी थांबवून प्रश्न विचारते आणि त्यामुळे लय तुटते. आधी कविता पूर्ण वाचावी, की चित्रांवर बोलत पुढे जावे?

प्रतिसाद : पहिल्या वाचनात न थांबता पूर्ण कविता ऐकवावी, कारण यमक आणि ठेका कानावर सलग पडला, तरच मूल पुढचा शब्द आधी ओळखू लागते, चित्रांना दुसऱ्या वाचनात हवा तेवढा वेळ द्यावा. अर्थ समजावण्याची घाई तर मुळीच करू नये.

प्रतिसाद : मी थोडा असहमत आहे. चांगले चित्र ओळींची नुसती पुनरुक्ती करत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांनी बालगीतांसाठी काढलेल्या चित्रांत शब्दांत नसलेल्या घटनाही दिसतात. असे पान घाईने उलटले, तर निम्मी गंमत हुकते. मुलीला थांबू द्यावे, ‘इथे हाच रंग का घेतला असेल?’ असे विचारावे आणि उत्तर मात्र आपण देऊ नये.

प्रश्नकर्ती : अलीकडे ती स्वतःही ओळी जुळवते. त्या लिहून ठेवू का?

प्रतिसाद : अवश्य. एका पानावर एकच ओळ लिहावी, उरलेली जागा तिच्या चित्रासाठी कोरी ठेवावी आणि यमक जुळले नाही, तरी ओळ बदलू नये.