क्षारपड ऊसपट्टा: आधी जिप्सम की आधी निचरा?

काळी_माती
सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीचा विषय निघाला की सल्ला ठरलेला: एकरी चार पोती जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाका. माझ्या मते भूजल मीटरभराच्या आत असेल तर जिप्समवर रुपयाही घालू नये. कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम सोडवतो, पण सुटलेल्या सोडियम सल्फेटला खाली जायला वाट हवी. ती नसेल तर उन्हाळ्यात तेच पाण्याबरोबर वर चढतं आणि पांढरा थर पुन्हा हजर. म्हणून आधी निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप. ८० मिमीच्या लॅटरल (पाणी शोषून घेणाऱ्या बारीक पाइप), मीटर ते सव्वा मीटर खोल, भोवती फिल्टरचं कापड, १०० मीटरला २० सेंमी उतार, त्यांचं पाणी गोळा करणाऱ्या मोठ्या पाइपचं, म्हणजे कलेक्टरचं, तोंड नाल्यात. जिप्समचं नंतर बघू.

सामू_नऊ
त्या 'नंतर बघू'मध्येच घोटाळा आहे. खारवट आणि चोपण दोन्ही एकाच दावणीला बांधलीत. ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) ४ च्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत ती खारवट. तिला निचरा आणि गोडं पाणी पुरतं, जिप्सम लागतच नाही. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांच्या वर ती चोपण. तिथे चिकणमातीचे कण विस्कटून छिद्रं बुजलेली असतात. पाणी वर तुंबतं आणि तुमची पाइप खाली कोरडी! खारवट-चोपण, म्हणजे क्षार आणि सोडियम दोन्ही जास्त, ती तर सगळ्यात फसवी. नुसत्या गोड्या पाण्याने क्षार धुतले की सोडियम मागे उरतो आणि बरी दिसणारी जमीन दगड होते.

काळी_माती
चोपणला जिप्सम हवं, मान्य. पण किती? वरच्या १५ सेंमी थरात १०० ग्रॅम मातीमागे १ मिलीइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेच्या अहवालातलं एकक) सोडियम हटवायला एकरी सुमारे ७०० किलो शुद्ध जिप्सम लागतं. विनिमय क्षमता (सोडियम, कॅल्शियम वगैरे धरून ठेवण्याची मातीची ताकद) याच एककात ५० असलेल्या काळ्या जमिनीतला सोडियम २० टक्क्यांवरून १० वर आणायचा तर ५ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे साडेतीन टन. चार पोत्यांत २०० किलो बसतं. शिवाय साध्या पाण्यात १ टन विरघळवायला एकरभर ४ इंच पाणी लागतं. ते पाणी जाणार कुठे?

टेलएंड
दोघंही रोग झाल्यावरचं बोलताय. जमीन बिघडवली ती पाटाने मोकळं पाणी देण्याने आणि वर्षानुवर्षं त्याच रानात उभ्या असलेल्या उसाने. दख्खनच्या कालव्यांवर जमिनी पाणथळ होण्याचा प्रश्न ब्रिटिश काळापासूनचा. सिंचनाची पद्धत सुधारायला मुंबई इलाख्याने १९१६ साली खास विभाग काढला. खडकवासल्याचं जल संशोधन केंद्र त्यातूनच उभं राहिलं. पाइप टाकून पाट तसाच ठेवलात तर युरिया नाल्यात वाहील, दुसरं काही नाही. ठिबक करा.

सामू_नऊ
ठिबकने भूजल चढायचं थांबेल, साठलेले क्षार कसे जातील? ते ओलाव्याच्या कडेला जमतात आणि पावसाच्या पहिल्या हलक्या सरीत मुळांकडे सरकतात. म्हणून त्या पावसात ठिबक बंद करायचं नसतं. बहुतेक लोक नेमकं तेव्हाच बंद करतात. आणि चुनखडीच्या जमिनीत स्वस्त म्हणून गंधक सुचवणाऱ्यांसाठी: जिप्समच्या पाचव्या हिश्श्याएवढं पुरतं हे खरं, पण त्याचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. पाणथळ रानात ते काम करत नाहीत.

उतार_बघा
पाइपवाल्यांना एकच सांगणं. एकट्याच्या शेतातलं पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून जातं, त्यामुळे हे काम गटानेच होतं. शिरोळ तालुक्यात ते गावपातळीवर झालं. लॅटरल मध्येच झोल खाल्ली की तिथे गाळ बसतो. कलेक्टरचं तोंड नाल्याच्या पावसाळी पातळीखाली असेल तर पाणी उलटं शेतात शिरतं. तिथे झडप तरी लावा, नाहीतर पाणी साठवायचा खड्डा (संप) खणून पंप. शिवाय हे खारं पाणी शेवटी कृष्णेत जातं, खालच्या गावांचा विचार कोणी मांडलेला दिसत नाही.

काळी_माती
खालच्या गावांचा मुद्दा रास्त आहे, उत्तर माझ्याकडे नाही. क्रमाबाबत मात्र ठाम आहे: पाइप, त्याच हंगामात मोजून जिप्सम, मग हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून ४५ ते ५० दिवसांनी गाडणं.

सामू_नऊ
मोजणार कशावरून? बहुतेकांचे नमुने वरच्या वीतभर मातीचे असतात. ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंमी असे तीन वेगळे द्या. खालचा थर चोपण निघाला तर लॅटरलमधलं अंतर कमी धरावं लागेल आणि खर्चाचा सगळा हिशोबच बदलेल.