‘माल परत घेतला जाणार नाही’ लिहून भागत नाही
वर कुणीतरी म्हटलंय की आपल्या ऑनलाइन दुकानासाठी दुसऱ्या दुकानाच्या वेबसाइटवरच्या अटी उचलायच्या, नाव बदलायचं, झालं. मी केलंय ते. गोपनीयता धोरणात मूळ दुकानाचाच ईमेल राहून गेला, आणि तो दाखवला कुणी, तर गिऱ्हाइकाने!

आणि ‘माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ कायद्यापुढे टिकेलच असं नाही. युरोपीय संघातल्या ग्राहकाला ऑनलाइन खरेदी कारण न देता १४ दिवसांत रद्द करता येते (खास मागणीनुसार बनवलेल्या वस्तू वगैरे सोडून). हा हक्क दुकानदाराने सांगितलाच नाही, तर मुदत आणखी १२ महिने वाढते. म्हणजे लपवून तोटा आपलाच.

जाहिरातीचे ईमेल पाठवायला ग्राहकाची संमती घेणाऱ्या चौकोनातही आधीच टिक ठेवू नका, युरोपीय संघात अशी टिक संमती धरत नाहीत.