प्रतिसाद: आंद्रे प्रेव्हिन म्हणजे फक्त फिल्मवाला?

वर कोणीतरी लिहिलंय की संगीतकार-पियानोवादक प्रेव्हिन मुळात हॉलिवूडचा माणूस, कंडक्टिंग (ऑर्केस्ट्राचं संचालन) वगैरे नंतरची हौस. हे मला अजिबात पटत नाही. फिल्म-संगीतासाठी चार ऑस्कर मिळाले हे खरंच, पण १९५६ साली जॅझ ड्रमर शेली मॅनबरोबर ‘माय फेअर लेडी’ या संगीत नाटकातल्या गाण्यांची जॅझ रेकॉर्ड केली तीही त्यानेच, आणि कंडक्टिंग तो पिएर माँतो या नामवंत फ्रेंच कंडक्टरकडे रीतसर शिकला होता. १९२९ साली बर्लिनमध्ये जन्म, ज्यू कुटुंब, १९३८ मध्ये देश सोडावा लागला, पुढे लॉस एंजेलिसला शाळेत असतानाच एमजीएम या फिल्म स्टुडिओत काम सुरू, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचं संगीत लहानपणापासूनच हाताखालून गेलं.

आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे १९७१ चा रविशंकरांचा पहिला सतार कॉन्चेर्तो, म्हणजे सतार आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर प्रेव्हिन. खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज या रागांवरचे चार भाग, आणि तबल्याच्या जागी बोंगो, म्हणजे हाताने वाजवायच्या छोट्या ड्रम्सची जोडी! हेडफोन लावून ऐका, सतारीची मींड चालू असताना प्रेव्हिन अख्ख्या ऑर्केस्ट्राला किती हळुवार धरून ठेवतो ते कळेल, कुठेही सतार दबत नाही. मला तर वाटतं हे जॅझमुळे जमलं, कारण समोरचा वाजवतोय ते ऐकत साथ करायची सवय त्याला पियानोवरच लागलेली.

आणि ऑपेराही लिहिला बरं का, १९९८ मध्ये, जवळजवळ सत्तरीला आलेला असताना!