मदत हवी: जुन्या वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस, पाडावाच लागेल का?

माडीवाली
शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर द्यायचं आहे म्हणून थेट विचारते. आमच्या वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. दीर म्हणतात पाडा. बिल्डर तयार आहे, खाली दुकानं आणि वर मुलींचं होस्टेल. मला आणि सासूबाईंना वाडा ठेवायचा आहे. सागवानी खांब आजही टणक आहेत, फक्त उत्तरेच्या भिंतीला पोट आलं आहे. ओसरीवर आणि माडीवर कॉलेजची पोरं अभ्यासाला बसतात, पोलीस भरतीची, एमपीएससीची. खेड्यावरून येणाऱ्या पोरांना दुसरी जागा नाही. गल्लीतले बाकी वाडे गेले, आमचाच राहिला. नोटीस आली म्हणजे पाडावंच लागतं का, एवढं सांगा. जुनी घरं किती मोलाची हे मला पटवून द्यायला नको.

नझूल_नागपूर
गाव कोणतं? नगरपरिषद की नगरपंचायत? नोटिशीत कलम कोणतं आहे? जागा नझूलची (म्हणजे सरकारी, लीजवर दिलेली) की गावठाणातली, आणि कोणाच्या नावावर? यातलं काहीच सांगितलं नाही, मग उत्तर कशाच्या आधारावर देणार?

बोरीकाठचा
ताई, राग नका मानू, पण पाडूनच टाका. आमच्या शेजारी मातीचं घर असंच मजबूत हाये म्हणून ठेवलं होतं. श्रावणात झड लागली अन् रातच्याला भित बसली. बुडाशी बांधलेली गाय गेली. माणूस झोपलं असतं त काय केलं असतं? तुमी त पोरं बसवून रायल्या तिथं. सागवान लय चांगलं असते हे मले बी समजते, पण भित मातीचीच हाये ना.

चुना_माती
उत्तरेची भिंत कोणी आतून-बाहेरून पाहिली आहे का? तीन गोष्टी सांगा. तिला सिमेंटचा गिलावा केला आहे का? नाली किंवा पन्हळीचं पाणी तिच्या पायाशी जातं का? आणि माडीचा भार खांबांवर आहे की भिंतीवर?

बोरीकाठचा भाऊ, मातीची भिंत आपोआप पडत नाही, पायाशी पाणी मुरलं की पडते. सेवाग्रामची बापूकुटी, गांधीजी राहायचे ती, १९३० च्या दशकातली. माती, बांबू आणि कवेलू. आजही उभी आहे.

बोरीकाठचा
बापूकुटीले देखभाल करायले माणसं हायेत. दरसाल लिपणं, कवेलू फेरणं. आमच्या घरी कवेलू फेरणारा माणूस भेटत नाही. आता सांगा.

हप्तेवाला
पाडायचं की नाही ते बाजूला ठेवून होस्टेलचं सांगतो, कारण मी बांधून बसलो आहे. कॉलेज जोरात होतं तेव्हा कर्ज काढून तीन मजले चढवले. नंतर इंजिनिअरिंगचे प्रवेश घटले. आता मधला मजला बंद आहे, हप्ता मात्र चालू आहे. वर मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की स्लॅबखालच्या खोल्यांत कूलर लावूनही पोरं थांबत नाहीत, गच्चीवर झोपतात. बिल्डरला विचारा, खोल्या भरल्या नाहीत तर तोटा कोण सोसणार. तोंडी नको, करारात लिहून घ्या.

गृहिणी_वाशीम
मुलांच्या खोल्या आणि मुलींचं होस्टेल यांत फरक आहे हो. माझी मुलगी रोज एसटीने ये-जा करते. शेवटची गाडी चुकली की आम्ही जिवाला घोर लावून बसतो. तालुक्याच्या गावात मुलींना राहायला चांगली जागा नाही म्हणून कितीजणींचं शिक्षण बारावीनंतर थांबतं. वाडा वाचवा, जरूर वाचवा, पण होस्टेलला नावं ठेवू नका.

माडीवाली
नगरपरिषद आहे. गावाचं नाव लिहीत नाही, घरातले वाचतात. कलम १९५ लिहिलं आहे. जागा नझूलची, लीज सासऱ्यांच्या नावावर. ते आता नाहीत. सिमेंटचा गिलावा आहे, दिरांनी करून घेतला. नाली त्याच भिंतीला लागून जाते. रस्ता काँक्रीटचा झाल्यापासून तो आमच्या ओट्यापेक्षा उंच झाला आणि पावसाचं पाणी भिंतीशी थांबतं. भार खांबांवर आहे असं सासूबाई म्हणतात. पुढे दोन दुकानं भाड्यानं आहेत, झेरॉक्स आणि टेलर, सासऱ्यांच्या काळापासून. मी पाडावं लागतं का एवढंच विचारलं होतं.

चुना_माती
मग भिंतीचं कारण जवळजवळ सापडलं. माती-चुन्याची भिंत ओल ओढते आणि बाहेर सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, माती मऊ होते, भिंत पोट काढते. त्यात रस्ता वर उचललेला. सागवानाचा यात दोष नाही.

भार खरंच खांबांवर असेल तर तुळयांना टेकू देऊन फुगलेला तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधता येतो, घर उभं राहतं. पण सासूबाईंच्या सांगण्यावर जाऊ नका, माणूस आणून पाहा. कड्यांची, म्हणजे माडीच्या आडव्या लाकडांची, टोकं भिंतीत जिथे जातात तिथे वाळवी असते, ती बाहेरून दिसत नाही. इमारतीच्या तपासणीला (ऑडिटला) येणारा इंजिनिअर रिबाउंड हॅमर घेऊन आला तर त्या आकड्यांचा उपयोग नाही, ते यंत्र काँक्रीटसाठी आहे. इथे ओळंबा धरायचा, ओल पाहायची, लाकूड टोचून पाहायचं. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा नागपूरचं व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज, इथे विचारा. मातीकामासाठी वर्ध्याजवळ दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था आहे.

आणि हे सगळ्यात आधी: त्या भिंतीच्या बाजूची बैठक आजच बंद करा. पोरांना चौकाच्या दुसऱ्या अंगाला बसवा. यावर बोरीकाठचा भाऊंचं शंभर टक्के बरोबर आहे.

सागवान_खरेदी
जुने खांब, तुळया, कोरीव चौकटी असतील तर फोटो टाका. योग्य भाव मिळेल.

नझूल_नागपूर
आता उत्तर देता येतं. कलम १९५ म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. त्यात इमारत काढून टाका किंवा धोका राहणार नाही अशी दुरुस्ती करा, दोन्ही सांगता येतं. तेव्हा ताई, नोटीस आली म्हणून पाडावंच लागतं असं नाही. शुक्रवारच्या उत्तरात लिहा की दुरुस्ती करणार आहोत, तांत्रिक तपासणीसाठी मुदत द्या, आणि तोवर टेकू लावले आहेत. टेकू लावून मगच लिहा, फोटो जोडा. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

पण खरा गुंता दुकानांचा आणि नझूलचा आहे. भाडेकरू जुने आहेत. पूर्वी आपल्याकडे मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता, आता १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. बिल्डर म्हणत असेल की पाडलं की दुकानदार आपोआप जातील, तर विश्वास ठेवू नका. लीज राहण्यासाठी असेल तर खाली दुकानं काढणं हा शर्तभंग ठरू शकतो. शिवाय वारस नोंद झाली आहे का? नणंदा आहेत का? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही बरोबरीचा हिस्सा आहे, दिरांच्या एकट्याच्या सहीवर बिल्डरशी काही ठरत नाही. नागपूर-अमरावती विभागातल्या नझूल जमिनींसाठी सरकारने २०२४ मध्ये विशेष अभय योजना काढली होती. मुदतीचं तहसीलमध्ये विचारून घ्या.

घरकुल_मित्र
पंतप्रधान आवास योजनेत अर्ज केला का? कच्चं घर असेल तर अनुदान बसतं.

नझूल_नागपूर
दुकानं भाड्यानं दिलेला दुमजली वाडा आहे त्यांचा, घरकुलात कसा बसेल? धागा भरकटवू नका.

हप्तेवाला
एक सुचवतो. मागे परस किती मोठं आहे? आमच्याकडे एकाने पुढचा वाडा तसाच ठेवला आणि गोठ्याच्या जागेवर आठ खोल्या बांधल्या. त्याला होस्टेलचं भाडं मिळतं, वाडाही राहिला. दिरांचंही समाधान होईल, आणि गृहिणीताईंच्या मुलीसारख्यांची सोयही.

बोरीकाठचा
हे पटते. पण पाया पाहून खोदा. जुनं गाव पांढरीवर असते, परसाच्या टोकाले काळी माती लागली त भेगा पडतीन. उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते.

माडीवाली
नोटीस पुन्हा वाचली. "दुरुस्त करावी अथवा पाडावी" असंच लिहिलं आहे, घरात सगळे फक्त दुसरा शब्द बोलत होते. दोन नणंदा आहेत, वारस नोंद झालेली नाही. परस मोठं आहे, विहीर सोडून जागा उरते. पोरांना उत्तरेच्या बाजूने उठवलं, टेकूसाठी उद्या सुतार येतो आहे. आता एकच विचारते. उत्तरावर सही कोणाची चालेल, सासूबाईंची की माझी? नोटीस सासऱ्यांच्या नावाने आहे.

नझूल_नागपूर
सासूबाईंची, कायदेशीर वारस म्हणून. सोबत सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला जोडा. दोन्ही नणंदांचं संमतीपत्र शुक्रवारपर्यंत आलं तर उत्तम, नाही आलं तरी उत्तर थांबवू नका. दिरांनी वेगळं पत्र दिलं आहे का तेही बांधकाम विभागात विचारून घ्या.