फोनच्या बटणांच्या कीबोर्डवर इनस्क्रिप्ट बसवतोय, पण ट च ड य कुठे घालू?

राजवाडाकर: मंडळी, इंदूरच्या जेल रोडवरून एक जुना अँड्रॉइड फोन उचललाय, खाली खरी बटणं आहेत, रूट पण झालाय, म्हणजे सिस्टिमच्या फाइली बदलता येतात. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी, पाहिजे कारण स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, दोन्ही अंगठे आलटून पालटून चालतात. पण इथे अक्षरांची २६च बटणं आणि इनस्क्रिप्टमध्ये च, ट, ड, य बसलेत सेमीकोलन, अवतरण, चौकटी कंस आणि तिरक्या रेघेवर, ती बटणं फोनला नाहीतच. आईला 'चहा टाक' लिहायची सोय नाही!

पोहेजिलेबी: भिया, सिस्टिमच्या कीचार्स फोल्डरमधली केसीएम फाइल बघ, कुठल्या बटणाने कुठलं अक्षर उमटेल ते तिच्यात असतं, आधी मूळची कॉपी ठेव हां. त च्या बटणावर ऑल्टने ट, द वर ड, ज वर च. शिफ्ट-ऑल्टला ठ, ढ, छ. य मात्र ऑल्टवर नको, सारखा लागतो. झेडवर इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व ए ची मात्रा आहे, ती दाक्षिणात्य भाषांची, मराठीला कशाला? तिथे य टाक.

काकू_सुदामानगर: आणि ज्ञ चं काय रे? केसीएममध्ये बटणाच्या एका दाबाला एकच अक्षर, म्हणजे ज, हलंत, ञ असं टाइप करावं लागणार आणि ञ पण कंसावरच बसलाय.

राजवाडाकर: अरे हो! काकू, ञ ला न वर ऑल्टने टाकला, चालला. य पण झेडवर मस्त. आता बटणांवर अक्षरं नेलपेंटने लिहितोय, ळ दोनदा पुसला.