पिवळ्या शेणमाशीचा नर ३६ मिनिटांनीच मिलन का थांबवतो?

प्रश्न : सहाध्यायी

नमस्कार. मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला प्राणिवर्तन शिकवते. लैंगिक निवडीचा भाग आला की ब्रिटिश उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ जेफ्री पार्कर यांनी १९६० च्या दशकात ब्रिस्टलच्या परिसरात पिवळ्या शेणमाशीवर केलेले काम मी आवर्जून सांगते. गाईने शेण टाकल्यावर थोड्याच वेळात त्यावर नर जमू लागतात आणि अंडी घालायला येणाऱ्या मादीला गाठतात. मिलन झाल्यावरही नर तिला सोडत नाही. तिची अंडी घालून होईपर्यंत तो तिच्या पाठीवर बसून राहतो आणि मध्ये येणाऱ्या दुसऱ्या नरांना पायांनी ढकलून लावतो. मादीच्या शरीरात आधीच्या नरांचे शुक्राणू साठवलेले असतात, तरीही शेवटच्या नराच्या वाट्याला सुमारे ८० टक्के अंडी येतात.

यंदा वर्गात अडले ते पुढच्या आकड्यांवर. मिलन सरासरी ३६ मिनिटे चालते. मात्र नर साधारण १०० मिनिटे थांबला, तर जवळजवळ सगळीच अंडी त्याची होतील. मग हातातले २० टक्के सोडून तो का उठतो? ‘वेळ मोलाचा असतो’ एवढ्या उत्तराने मुलांचे समाधान होत नाही, आणि ते होऊही नये असे मला वाटते. दुसरी शंका अशी की, त्या काळी डीएनए चाचणी नव्हती, तर कोणत्या अंड्याचा बाप कोण हे पार्कर यांनी ठरवले कसे? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : कीटकनोंद

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ८० टक्क्यांचा आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय पहिल्या शंकेचे उत्तर नीट बसत नाही.

पार्कर यांनी काही नरांना कोबाल्टच्या किरणोत्साराची ठरावीक मात्रा दिली. अशा नराचे शुक्राणू मरत नाहीत. ते पोहतात, अंड्यापर्यंत पोहोचतात आणि त्याचे फलनही करतात. परंतु त्यांतील जनुकीय द्रव्याची मोडतोड झालेली असल्यामुळे गर्भ वाढत नाही आणि अंडे उबतच नाही. आता एकाच मादीचे मिलन आधी साध्या नराशी आणि नंतर किरणोत्सारित नराशी करवले, तर न उबलेली अंडी दुसऱ्याची आणि उबलेली पहिल्याची, हे नुसत्या मोजणीने कळते. क्रम उलटा करूनही हाच प्रयोग करायचा, म्हणजे किरणोत्सारित शुक्राणू स्पर्धेत दुबळे पडतात का, हेही तपासून होते. माणसांच्या बाबतीत डीएनएवरून पितृत्व ठरवण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यावर आली. पार्कर यांचा कीटकांमधील शुक्राणू-स्पर्धेवरचा, म्हणजे एकाच मादीच्या अंड्यांसाठी वेगवेगळ्या नरांच्या शुक्राणूंत होणाऱ्या चढाओढीवरचा, पायाभूत निबंध १९७० चा आहे. इतक्या साध्या साधनांनी इतका नेमका प्रश्न सोडवला गेला, याचे मला आजही फार अप्रूप वाटते, आणि आपल्या विद्यार्थ्यांना निष्कर्षाच्या आधी ही पद्धत सांगावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

याच पद्धतीत मिलन मध्येच थांबवून किती मिनिटांना किती अंडी मिळतात हेही मोजता येते, आणि तिथून आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर सुरू होते.

प्रतिसाद २ : आलेख

कीटकनोंद यांच्या मुद्द्याला जोडून पुढचे लिहितो.

मिलनाच्या कालावधीनुसार मिळणाऱ्या अंड्यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. सुरुवातीला तो झपाट्याने वर जातो आणि मग वाकत जातो. रंगीत पाण्याने काठोकाठ भरलेल्या भांड्यात स्वच्छ पाण्याची धार सोडली, तर आधी बाहेर सांडते ते जवळजवळ सगळे रंगीत असते. पण पाणी मिसळत गेले की आपणच ओतलेले स्वच्छ पाणीही सांडू लागते. मादीच्या साठ्यात नव्या नराचे शुक्राणू जुन्यांना विस्थापित करतात तेव्हा हेच घडते, आणि म्हणून शेवटचे काही टक्के मिळवायला फार वेळ मोजावा लागतो.

आता दुसरी बाजू. नवी मादी शोधणे आणि मिलनानंतर तिची राखण करणे यांत नराची सरासरी १५६ मिनिटे जातात. ही मिनिटे मिलन आखडते घेतले तरी वाचत नाहीत. ३६ मिनिटांच्या मिलनासह एक फेरी १९२ मिनिटांची होते आणि त्यात ८० टक्के अंडी मिळतात, म्हणजे मिनिटाला ०.४२ टक्के. नर १०० मिनिटे थांबला तर फेरी २५६ मिनिटांची होते आणि सगळी अंडी मिळूनही हिशेब मिनिटाला ०.३९ टक्के एवढाच येतो. वाढीव ६४ मिनिटांत २० टक्के, म्हणजे मिनिटाला जेमतेम ०.३१, तोच वेळ पुढच्या मादीच्या शोधात घातला तर अधिक मिळते. हे अंदाजे आकडे असले तरी फळ्यावर मांडले की वर्गाला पटतात, असा माझा अनुभव आहे.

पार्कर आणि त्यांचे सहकारी स्टुअर्ट यांनी १९७६ मध्ये हा विचार गणितात मांडला. त्याच वर्षी एरिक चार्नोव्ह यांनी अन्न शोधणाऱ्या प्राण्यांसाठी याच धर्तीचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. नर मनात भागाकार करतो असे अर्थातच कोणी म्हणत नाही. ज्या नरांची थांबण्याची उपजत वेळ या गणिताच्या जवळ होती, त्यांची संतती अधिक झाली, एवढाच दावा आहे.

सहाध्यायी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. किरणोत्साराची पद्धत पुढच्याच तासाला सांगणार आहे. मात्र माझ्या वाचनात गणिताने काढलेला कालावधी सुमारे ४१ मिनिटे आहे. प्रत्यक्षात तो ३६ असेल, तर या पाच मिनिटांचे काय करायचे? शिवाय वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारले की या सगळ्या हिशेबात मादी कुठे आहे, आणि तो प्रश्न मला अतिशय महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद ३ : पाणथळ

ही पाच मिनिटे लपवू नका. उलट वर्गात तीच पुढे करा. ‘अमुक वर्तन उपयोगी आहे’ असे मोघम विधान कधीच खोटे ठरत नाही, पण आकडा सांगितला की तो चुकू शकतो आणि नेमके काय राहून गेले ते शोधावे लागते. पहिल्या गणितात सगळे नर सारखेच धरले होते. १९९४ मध्ये पार्कर आणि ली सिमन्स यांनी नराचा आकार हिशेबात घेतला. मोठे नर शुक्राणू वेगाने पोहोचवतात आणि त्यांना पुढची मादीही लवकर मिळते, म्हणून त्यांचे मिलन थोड्या वेळाचे, तर लहान नरांचे अधिक वेळाचे असावे, असे भाकीत निघते. आणि निरीक्षणही तसेच आहे.

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न याच पाच मिनिटांना येऊन मिळतो. मादीला या झटापटीची झळ थेट लागते: तिच्यावरून नरांची झोंबाझोंबी सुरू झाली की ती जखमी होते, कधी ओल्या शेणात बुडून मरतेही. आणि तिच्या शरीरात शुक्राणू साठवण्याची एकच पिशवी नसून साधारणतः तीन असतात. नर शुक्राणू थेट त्या पिशव्यांत सोडत नाही; ते आधी वाटेवरच्या एका पोकळीत पडतात आणि पुढे पिशव्यांत नेण्यात मादीचा मोठा वाटा असतो, हे १९९० च्या दशकाच्या शेवटी पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवले. म्हणजे विस्थापनाचा वेग एकट्या नराच्या हातात नाही.

जाता जाता एक सांगतो. शुक्राणू काढून टाकण्याचे काम प्रत्येक कीटकात असे चालत नाही. अमेरिकेतील जोनाथन वागे यांनी १९७९ मध्ये दाखवले की एका जातीच्या टाचणीचा (चतुरासारख्या सडपातळ, उडणाऱ्या कीटकाचा) नर आपल्या जननांगावरील मागे वळलेल्या केसांनी आधीच्या नराचे शुक्राणू अक्षरशः खरवडून काढतो आणि मगच आपले भरतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या भातखाचरांवर टाचण्यांच्या जोड्या एकमेकींना जोडलेल्या अवस्थेत फिरताना दिसतात. अनेक जातींत मादी अंडी घालत असतानाही नर तिची मान सोडत नाही. ती राखणच आहे, शेणमाशीच्या नराने मादीच्या पाठीवर बसून केलेल्या राखणीसारखीच. विद्यार्थ्यांना शेणमाशी दाखवता आली नाही, तरी टाचणी नक्की दाखवता येईल.

प्रतिसाद ४ : कीटकनोंद

मादीच्या बाजूने एक प्रयोग जोडतो, कारण त्याचा निकाल अगदी स्वच्छ आहे. झुरिकमध्ये डेव्हिड हॉस्केन आणि पॉल वॉर्ड यांनी शेणमाश्यांचे दोन प्रकारचे वंश प्रयोगशाळेत दहा पिढ्या वाढवले. एकात प्रत्येक मादीला एकच नर दिला आणि दुसऱ्यात अनेक नरांशी मिलन होऊ दिले. दहा पिढ्यांनंतर, जिथे स्पर्धा होती तिथल्या नरांची वृषणे मोठी झालेली आढळली. आणि त्याच वंशातील माद्यांच्या जननमार्गाला जोडलेल्या साहाय्यक ग्रंथीही मोठ्या झाल्या होत्या, ज्यांचा स्राव शुक्राणूंना मारक असतो. आपल्या विद्यार्थिनीला हा प्रयोग जरूर सांगा.