'घरून जेवून जा' म्हणणाऱ्यांसाठी: बेसबॉलच्या मैदानावर खाण्यासारखं खूप आहे

बे_एरियाकर

मुलांना बेसबॉलची मॅच दाखवायला न्यावं का, या प्रश्नावर आप्पांनी परवा लिहिलं: "जरूर न्या, पण घरून पोटभर जेवून जा. मैदानावर खाण्यालायक काही नसतं. तीस मैदानं, तीसही ठिकाणी तोच हॉट डॉग आणि तेच पिवळं चीज." खाली 'अगदी सहमत'ची रांग लागली. मला हे अजिबात पटलेलं नाही आणि दोन ओळींत भागणारं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलची तीस मैदानं म्हणजे जवळजवळ तितकीच गावं, आणि गावाची चव मैदानात येतेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कमध्ये गार्लिक फ्राइज गाजतात, कारण दक्षिणेला गिलरॉय आहे, लसणासाठी नाव काढलेलं. तिथेच सावरडो (आंबवलेल्या पिठाच्या) पावात भरलेला डंजनेस खेकडा मिळतो, तोही याच किनाऱ्याचा. मिलवॉकीत हॉट डॉगपेक्षा ब्राटवुर्स्टचा, म्हणजे जर्मन सॉसेजचा, मान मोठा, कारण त्या गावात जर्मन स्थलांतरित मोठ्या संख्येने आले. सिनसिनाटीत हॉट डॉगवर जी चिली (खिम्याचा मसालेदार सॉस) आणि किसलेल्या चीजचा ढीग घालतात, ती ग्रीक स्थलांतरितांची देणगी. पिट्सबर्गच्या सँडविचमध्ये फ्राइज आणि कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) पावाच्या आतच भरतात. बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्सला 1992 पासून बूग पॉवेल या माजी खेळाडूच्या नावाची बार्बेक्यूची भट्टी आहे. हा 1970 चा एमव्हीपी, म्हणजे अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, आणि तो स्वतः तिथे बसून लोकांशी गप्पा मारायचा. यातलं कुठलं 'तेच ते' आहे?

आप्पांसारख्यांचं चुकतं ते शोधण्यात. आत शिरल्यावर पहिला जो काउंटर दिसतो, ज्यावर नुसतं 'ग्रिल' किंवा 'पिझ्झा' लिहिलेलं असतं, तिथे उभं राहायचं नाही. तो माल खरोखरच सगळीकडे सारखा. मॅचच्या आधी एक पूर्ण फेरी मारायची आणि ज्या स्टॉलवर गावातल्या हॉटेलचं नाव आहे ते हेरून ठेवायचे. आऊटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागाच्या, मागे बहुतेक वेळा चांगलं काहीतरी असतं. ओरॅकल पार्कला ऑर्लांडो सेपेडा या माजी खेळाडूच्या नावाचा चा-चा बोल सेंटर फील्डच्या (आऊटफिल्डच्या मधल्या भागाच्या) स्कोअरबोर्डमागे मिळायचा: भात, काळा घेवडा, कॅरिबियन मसाल्यातलं जर्क चिकन, वर अननसाचा साल्सा. भाताशिवाय जेवण झाल्यासारखं न वाटणाऱ्या आपल्या माणसांना आणखी काय हवं?

रांगेत जायचं ते इनिंग चालू असताना, पाहुणी टीम बॅटिंग करत असेल तेव्हा. दोन इनिंगच्या मधल्या दोन मिनिटांत सगळं मैदान उठतं. आणि काहीच ठरत नसेल तर भाजलेल्या खाऱ्या शेंगा घ्या. नजर पिचरवर (चेंडू टाकणाऱ्यावर) ठेवून नऊ इनिंग खाता येतात, टरफलं पायाशी टाकली तरी कुणी काही म्हणत नाही.

आप्पा_जर्सी

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर द्यायलाच हवं. चवीचं सोडा, किमतीचं बोला. तुमच्या लेखात डॉलरचा आकडा एकही नाही. कॉस्टकोत हॉट डॉग आणि पेय मिळून दीड डॉलर, 1985 पासून. अटलांटाच्या नव्या फुटबॉल स्टेडियमने 2017 मध्ये हॉट डॉग दोन डॉलरला ठेवला आणि त्यांचं दिवाळं निघालं नाही. म्हणजे स्वस्त देता येतं, द्यायचं नसतं. तिकीट, पार्किंग, वर चार माणसांचं खाणं. मी निवृत्त माणूस आहे, दोन नातवंडांना घेऊन जातो. गावाची संस्कृती चाखायला मला परवडत नाही.

दुसरं, तुम्ही बे एरियात राहून हॉट डॉगचं कौतुक करता, पण त्यात काय असतं ते आपल्या लोकांना सांगत नाही. 'ऑल बीफ' म्हणजे गाय. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने वर्षभर चिकन समजून खाल्ला. कळल्यावर त्या माउलीने जो आकांत केला, तो मी पाहिलाय.

सिएटलची_सई

बे_एरियाकर, शोधून खा हे मान्य. पण 'गावचं तेच खरं' हे नाही पटलं. आमच्या मैदानावर सगळ्यात गाजलेला पदार्थ कुठला? नाकतोडे! मेक्सिकोतल्या वाहाकाचे चापुलिनेस, भाजून, तिखट-मीठ-लिंबू लावलेले. 2017 ला आले आणि धडाधड संपले. सिएटलचा आणि नाकतोड्यांचा काय संबंध? आमचं खरं खाणं मासे आणि क्लॅम चावडर, म्हणजे शिंपल्यांचं दाट सूप. पण मैदानाने नाकतोड्यांना आपलंसं केलं. आमचा जुना खेळाडू एडगर मार्टिनेझ याची कारकिर्दीतली बॅटिंग सरासरी .312, म्हणून एका मॅचला 312 च ऑर्डर विकायच्या असं ठरवलं होतं. मी खाल्लेत. पाय दातात अडकतात, बाकी चव कुरकुरीत सोड्यांच्या जवळ जाणारी. तेव्हा गावाचा शिक्का सोडा, ज्यात मैदानाने जीव ओतलाय ते खा.

मेधा_शाकाहारी

तुम्ही सगळे खेकडा, बीफ, नाकतोडे करत बसा. आमचं काय? मूळ लेखात शाकाहाऱ्यांच्या वाट्याला फक्त शेंगा आणि फ्राइज. बरं, फ्राइज ज्या तेलात, त्याच तेलात चिकन टेंडर. काउंटरवर विचारलं की ती मुलगी आत जाऊन येते आणि "आय थिंक सो" म्हणते. मागे रांग तटलेली, लोक उसासे टाकताहेत, आणि मी तेलाची चौकशी करतेय. एकदा एका मैदानावर 'व्हेजी' लिहिलेल्या बरिटोत चिकन निघालं. बदलून दिलं त्यांनी, पण मुलाने तोवर दोन घास खाल्ले होते.

तेव्हापासून मी डबा नेते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले. बऱ्याच मैदानांत बाहेरचं खाणं आणि पाण्याची सीलबंद प्लास्टिक बाटली नेता येते, फक्त बॅगचे नियम आदल्या दिवशी बघून घ्या. हेच मैदानावरचं उत्तम जेवण.

विदर्भ_ते_शिकागो

मेधाताई, राग मानू नका, पण डबा नेणं थांबवा. आपण तीन तास त्यांच्यात बसतो. मेथीचा वास, चटणीचं तेल, ॲल्युमिनियम फॉइलचा खडखडाट. पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून बघतो तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. जिथे जातो तिथलं खावं. आमच्या रिग्ली मैदानावर जाऊन शिकागो डॉग न खाणं म्हणजे न जाणंच. खसखशीचा पाव, मोहरी, कांदा, हिरवी रेलिश, टोमॅटो, लोणच्याची फाक, तिखट मिरच्या, वर सेलरी सॉल्ट. आणि केचप नाही! मुलाला केचप लावून देणारे आपलेच लोक पाहिलेत मी, लाज वाटते.

मेधा_शाकाहारी

मेल्याहून मेल्यासारखं? माझ्या ठेपल्याने? मी कुणाच्या अंगावर बिअर सांडत नाही, ओरडून शिव्या देत नाही, कचरा उचलून आणते. तुमच्या मनातल्या न्यूनगंडाचा भार माझ्या डब्यावर टाकू नका. आणि 'तिथलं खावं' म्हणता, तर तिथलं मी खाऊ शकत नाही, हे वर सविस्तर लिहिलंय. वाचलंत तरी का?

विदर्भ_ते_शिकागो

वाचलं. न्यूनगंड वगैरे बोलायची गरज नव्हती. सार्वजनिक ठिकाणी वासाचं भान ठेवावं, एवढंच म्हटलं.

बे_एरियाकर

वासाचा मुद्दा मात्र खोडावाच लागेल, कारण मी गार्लिक फ्राइजचा भक्त आहे. त्यावर कच्चा लसूण बारीक चिरून पार्सलीसकट पसरलेला असतो. कागदी ट्रेच्या तळाशी तेलात भिजलेले तुकडे साचतात, ते शेवटी बोटाने पुसून खायचे. खाडीवरून गार वारा सुटला की एका माणसाच्या ट्रेचा वास वीस रांगा जातो. तो वास 'बॉलपार्कचा सुगंध' आणि मेथीचा म्हणजे उपद्रव, हे कुठल्या न्यायाने? दोन्ही चालतील किंवा दोन्ही नाहीत. डब्याच्या बाबतीत मी मेधाताईंच्या बाजूने आहे. फक्त डबा हेच *उत्तम* जेवण, हे मानत नाही. ते घरीही मिळतं.

आप्पा, बीफचा मुद्दा रास्त. पाटीवर 'ऑल बीफ' वाचावंच. पण सगळे हॉट डॉग गाईचे नसतात. लॉस एंजेलिसचा दहा इंची डॉजर डॉग मुळात डुकराच्या मांसाचा. चालत असेल त्याने खावा, पण विचारून.

मिलवॉकीकर

डब्यावरून भांडणारे मिलवॉकीला कधी आलेत का? इथे स्थानिक लोकच बाहेरून खाऊन येतात! मॅचच्या आधी अख्खं पार्किंग धुराने भरलेलं. गाडीची डिकी उघडी, लहान शेगडी, त्यावर ब्राट, बाजूला बिअरमध्ये शिजणारा कांदा. आमचे शेजारी सत्तरी ओलांडलेले आहेत, मैदानात पैसे घालवणं त्यांना वेडेपणा वाटतो. आम्ही त्याच शेगडीवर पनीर टिक्का आणि कणसं भाजतो, शेजारच्या गाडीवाले मागून खातात. लाज कसली? आत जाऊन मग एकच ब्राट घ्या, सॉवरक्राउट (आंबवलेला कोबी) आणि सीक्रेट स्टेडियम सॉस घालून. आणि सहाव्या इनिंगच्या आधी जागेवर या, सॉसेजच्या वेशातली पाच माणसं पळतात, मुलं वेडी होतात.

पुण्याहून_वाचक

तुमचं भांडण वाचून हेवा वाटतो. आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानात पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात, डबा तर सोडाच. मागे एका मॅचला आजीच्या मधुमेहाच्या गोळ्यांबरोबरची बिस्किटंसुद्धा टाकायला लावली. आत कोमट वडापाव, दाम तिप्पट. डबा नेऊ देतात त्या देशात राहून डब्याची लाज वाटते, हे मला समजणार नाही.

विदर्भ_ते_शिकागो

ठीक आहे, सगळे एका बाजूला दिसताय. न्या डबा. मेथी सोडून दुसरं काही नेलंत तर उपकार होतील. केचपबद्दल मात्र एक शब्दही मागे घेणार नाही.

आप्पा_जर्सी

सगळे डब्यात अडकलात, वेळेचं कुणी बोलत नाही. 2023 ला पिच क्लॉक, म्हणजे पिचरला चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ, आलं, मॅच सरासरी तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. पूर्वी रांगेत वीस मिनिटं गेली तरी फार चुकत नव्हतं, आता अख्खी इनिंग आणि वर थोडं जातं. काही क्लबांनी बिअरची विक्री सातव्यावरून आठव्या इनिंगपर्यंत वाढवली, इतका त्यांच्या धंद्याला फरक पडला. म्हणून म्हणतो, खाणं आधी उरकून घ्या.

सिएटलची_सई

हे एक खरं बोललात. पण ते घरून जेवून जाण्याचं कारण होत नाही, गेट उघडल्याबरोबर आत जाण्याचं होतं. तेवढं लवकर गेलं की रांगा नाहीत, फेरी मारून होते, कधी मुलांना बॅटिंग प्रॅक्टिसही बघायला मिळते. आणि शेंगांचं कौतुक करताना ॲलर्जीवाल्यांचा विचार करा, माझ्या भाचीला शेजारच्या टरफलांचासुद्धा त्रास होतो. काही क्लब शेंगामुक्त भाग ठेवतात, तिकीट काढतानाच चौकशी करावी लागते.

बे_एरियाकर

टरफलांचं बरोबर आहे. शेजारी लहान मूल असेल तर मी विचारूनच पिशवी उघडतो.

आप्पा_जर्सी

नातवंडं जूनमध्ये फिलाडेल्फियाला मॅच बघायला जायचं म्हणताहेत. किमतीबद्दलचं माझं मत तेच आहे, तिथली एक डॉलरची हॉट डॉग नाइटसुद्धा 2024 पासून बंद केली त्यांनी. तरी एखादी वस्तू घेऊन देईन म्हणतो. धाकटी शाकाहारी आहे, मेधाताईंसारखीच कट्टर. तिथे काय?

मेधा_शाकाहारी

आप्पा, तिथे चिकीज अँड पीट्स या हॉटेलचे क्रॅबफ्राइज फार गाजलेले आहेत. नावाला भिऊ नका, त्यात खेकडा नसतो. खेकड्याला लावतात तो मसाला बटाट्याच्या नागमोडी फ्राइजवर भुरभुरवतात आणि बरोबर पांढऱ्या चीजचा सॉस देतात. तेल वेगळं आहे का ते मात्र तिथेच विचारा, रांगेची पर्वा करू नका.

बे_एरियाकर

सेंटर फील्डच्या मागे ॲशबर्न ॲली, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सची गल्ली, आहे, आधी तिकडे वळा. मोठ्याला चीजस्टेक (मांसाचे पातळ काप आणि चीज भरलेला पाव) हवा असेल तर तोही त्याच बाजूला मिळेल, पण आप्पा, तो गाईचा असतो.

आप्पा_जर्सी

बरं. डबा तरीही नेणार.